गुड फ्रायडेचं कस्टर्ड

चमचा मी तोंडापाशी नेला होता. ड्युटी रूममध्ये उभ्या उभ्या खात होते, कारण बसून खायला आम्हाला कधी वेळ मिळाला? कस्टर्डवर पांढरे कण दिसले. साखर विरघळली नसेल, असं वाटलं. पण नर्सची सवय वाईट. एक कण बोटावर घेऊन जिभेला लावला. कडूजहर! साखर कितीही हलकी असली तरी कडू लागत नाही. ही चव मला ठाऊक होती. आमच्या वॉर्डात रात्री झोपेच्या गोळ्या द्यायचे, आणि म्हाताऱ्या पेशंटसाठी त्या कुटताना पूड उडून जिभेवर बसायची. मी चमचा खाली ठेवला आणि आधी खळखळून चूळ भरली.

ती वाटी मला पास्कूने आणून दिली होती. पास्कूला ती त्याच्या बहिणीने दिली होती.

आता नीट सांगते. माझगावात नन्सचं एक बायकांचं इस्पितळ होतं. मी तिथं स्टाफ नर्स होते. तिथं नन पण सिस्टर आणि नर्स पण सिस्टर, म्हणून मला सगळे कांबळे सिस्टर म्हणायचे. सगळ्यांच्या वर मदर. मदर वसईकडच्या, शेतकऱ्याची मुलगी, मराठी आपल्यासारखंच. उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या, पण त्या व्हरांड्यात आल्या की डॉक्टरसुद्धा सिगरेट विझवायचे.

रोझाबाई आमच्या वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर. माझगावातल्याच, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिश्चन. शाळांचे युनिफॉर्म शिवून पोट भरलेली बाई. लग्न केलं नाही. छातीतली गाठ वर्षभर ब्लाउजच्या आत लपवली. आल्या तेव्हा दुखणं पाठीच्या कण्यात उतरलं होतं. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. आमचं काम एवढंच, की दुखू द्यायचं नाही.

आणि पास्कू त्यांचा धाकटा भाऊ. पंचेचाळिशीचा. एके काळी गोदीत फिटर होता. मग कानात आवाज यायला लागले आणि काम सुटलं. आई-वडील गेले, तेव्हापासून रोझाबाईच त्याचं सगळं बघायच्या. एकदा वेड्यांच्या इस्पितळात ठेवून पाहिलं. तिथं तो बोलायचाच बंद झाला, म्हणून परत घरी आणला. तसा गरीब माणूस, मुंगीलासुद्धा वाट देणारा. स्वतःहून मात्र जेवायचा नाही. रोझाबाईंनी ताट पुढे केलं तरच जेवायचा. म्हणून मदरने त्याला रोज दुपारी बाराला वॉर्डात यायची मुभा दिली होती. बहिणीच्या ताटातलं अर्धं तो जेवायचा. किचनला हे माहीत होतं. त्या ताटात भात जरा जास्तच पडायचा.

पास्कूची एकच खोड. प्रोसेशन दिसलं की त्यात शिरायचं. लहानपणापासून चर्चच्या मिरवणुकीत मेणबत्ती धरून चालायची सवय. आणि ते दिवस कसले? संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळला आज मोर्चा, उद्या सभा, परवा हरताळ. पास्कूला ते सगळं प्रोसेशनच वाटायचं. एकदा एक गिरणी कामगार त्याला हाताला धरून इस्पितळाच्या गेटवर घेऊन आला.

"हा तुमचा का?" त्याने विचारलं.

"आमचाच. काय केलं?"

"काय केलं काय! मेणबत्ती घेऊन सगळ्यांच्या पुढे चाललेला. पोलिसांना वाटलं हाच पुढारी."

पास्कूच्या खांद्यावर लाठीचा वळ होता, चांगला मनगटाएवढा. मी आयोडीन लावलं. तो म्हणाला, "सिस्टरबाय, 'झालाच पाहिजे' ही कुठल्या संताची प्रार्थना?" मला हसू आलं. मी हसतेय तोवर रोझाबाईंचं लक्ष त्या वळाकडे गेलं होतं. त्या दिवशी त्यांनी जेवण परत पाठवलं.

चार-दोन दिवसांनी मी त्यांची पाठ पुसत होते. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "सिस्टर, एक इंजेक्शन मिळेल?"

"आत्ताच दिलंय की. परत दुखतंय?"

"मला नाही. पास्कूला."

"त्याला काय झालंय?"

"काही नाही. म्हणूनच. मी जायच्या आधी तो जाऊ दे."

सुईदोरा मागावा तशा आवाजात बोलल्या. मी म्हटलं, "असलं काही मनात आणू नका." आपण सगळे हेच म्हणतो. त्यांनी डॉक्टरांनाही विचारलं. ते नाही म्हणाले. फादर येऊन गेले, त्यांनाही विचारलं. त्यांनी सांगितलं की जीव देणारा देव आणि नेणाराही देवच, मध्ये आपण पडायचं नाही. मदर पण नाही म्हणाल्या. मदर नाही म्हणाल्या तेव्हा मी शेजारी ट्रे घेऊन उभी होते आणि मीही मान हलवली. ही मान पुढे लक्षात ठेवा.

आता गुड फ्रायडे. आमच्या परळच्या चाळीने आदल्याच वर्षी बौद्ध धर्म घेतला होता. एकादशी, शिवरात्र, सोमवार सगळं सुटलं. सासूबाई म्हणायच्या, "इतकी वर्षं साबुदाणा खाऊन काय मिळालं? ॲसिडिटी." म्हणजे मला उपास असा कुठलाच उरला नव्हता. इस्पितळात मात्र त्या दिवशी सगळ्या नन्स उपाशी. घंटासुद्धा बंद. त्यांच्यात गुरुवारपासून शनिवार रात्रीपर्यंत घंटा वाजवत नाहीत, लाकडाची फळी ठोकतात. पेशंटना मात्र उपास माफ असतो. त्यांना वरण-भात आणि कस्टर्ड होतं.

पास्कूलाही उपास माफ होता. फादरनेच रोझाबाईंना तसं सांगितलं होतं. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याला चर्चचे नियम लागू होत नाहीत, त्याला पाप लागत नाही. रोझाबाईंनी ते बरोबर लक्षात ठेवलं. आणखी एक गोष्ट त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेली. गुड फ्रायडेला जो मरतो तो थेट वर जातो, मधल्या रांगेत थांबत नाही. आपल्याकडे नाही का एकादशीचं मरण भाग्याचं म्हणतात, तसंच. म्हणून त्यांनी भावासाठी हा दिवस निवडला. त्यातल्या त्यात चांगला मुहूर्त.

गोळ्या त्यांच्याकडे आल्या कशा, तेही सांगते. गोळी हातात द्यायची नाही, तोंडात टाकायची, पाणी पाजायचं आणि जीभ बघायची, हा वॉर्डचा नियम. पण तिथं दुसराही एक नियम होता. प्रार्थना चालू असताना पेशंटला अडवायचं नाही. गोळ्या यायच्या वेळी रोझाबाईंच्या हातात नेमकी जपमाळ. त्या डोळे मिटूनच मान हलवायच्या, की ठेवा, माळ संपली की घेते. कुठली नन माळ तोडायला सांगेल? गोळी लॉकरवर राहायची आणि मग उशीच्या अभ्र्यात जायची. अशी चांगली मूठभर साठली. एक गोळी झोप आणते. मूठभर गोळ्या श्वास थांबवतात.

सगळं जमवलं होतं बाईंनी. चुकलं एकच. पास्कूला उपास माफ आहे, हे पास्कूला मान्य नव्हतं.

बहिणीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. म्हणून तो वाटी घेऊन व्हरांड्यात आला आणि तिथून ड्युटी रूमच्या दारात. म्हणाला, "सिस्टरबाय, रोझा विसरली. आज गुड फ्रायडे. तीन वाजता चर्चमध्ये क्रूसाला ओठ लावल्याशिवाय मी काही खात नाही. तुम्ही बुद्धाच्या, तुम्हाला उपास नाही. टाकू नका, खा." आणि वाटी ठेवून गेला.

चूळ भरल्यावर मी आधी पास्कूकडे धावले. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता.

"तोंड उघड," मी ओरडले.

"आज नाही उघडत."

"उघड म्हणते ना! चाटलंस का जरासं तरी?"

"सिस्टरबाय," तो मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "चाटलं तरी मोडतो."

मी त्याच्या शेजारीच बसले. मग उठून वॉर्डात गेले. रोझाबाई डोळे मिटून पडल्या होत्या, माळ बोटांत, ओठ हलत होते. चाहूल लागताच डोळे न उघडता म्हणाल्या, "खाल्लं त्याने?"

"नाही. उपास आहे म्हणाला."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम रडायला लागल्या. सुटल्या म्हणून की हरल्या म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. मला त्यांचा रागही आला होता. माझी दोन पोरं घरी, आणि मी ती वाटी संपवली असती तर? पण त्या बाईला बघून रागाला धरायला जागाच सापडेना.

मी वाटी मदरपुढे नेऊन ठेवली. डॉक्टर करंदीकर तिथंच होते. ठाकूरद्वारचे, हुशार माणूस, मनाने मऊ. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मदर, तुम्हाला पटणार नाही. पण बाईचं काय चुकलं? ती गेली की तो रस्त्यावर. आज लाठी, उद्या गोळी. त्यापेक्षा..."

"डॉक्टर, तुम्ही नेता त्याला घरी?" मदरने विचारलं.

"मी? अहो, दोन खोल्या आमच्या. वडील अंथरुणावर. मी कसा..."

"मग 'त्यापेक्षा' म्हणू नका."

मदरने वाटी स्वतः मोरीत ओतली, स्वतः घासली आणि रोझाबाईंच्या खाटेशी आल्या. मी मागे. मला वाटलं, आता हिची काही धडगत नाही.

मदर म्हणाल्या, "रोझा, हे पाप आहे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मी नरकात जाईन. तो वर जाईल. चालेल मला."

"देवाशी सौदा करतेस?"

"मग कुणाशी करू? तुम्हाला विचारलं, नाही म्हणालात. फादर नाही म्हणाले. डॉक्टर, ही सिस्टर, सगळे नाही म्हणाले. मारायचं नाही, कबूल. मग सांभाळायचं कुणी? ते कुणीच सांगत नाही. 'नाही' म्हटलं की तुम्ही सगळे चहा प्यायला मोकळे!"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. मदरशी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मदर स्टूल ओढून बसल्या. पेशंटच्या खाटेशी मदर बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या.

"नरकाचं मागून बघू," त्या म्हणाल्या. "पास्कूला काय काय येतं?"

रोझाबाईंना प्रश्नच कळेना. "काय येणार? फिटर होता. आता काही नाही. वेळ कळते फक्त. घड्याळ नको त्याला. बारा म्हणजे बारा."

आमच्या इस्पितळाची घंटा जी नन मोकळी असेल ती वाजवायची. मोकळी कुणीच नसायची. दुपारच्या जेवणाची घंटा कधीकधी चहाला व्हायची आणि व्हिजिटर तर संध्याकाळी हाकलल्याशिवाय हलत नसत.

"उद्यापासून घंटा त्याची," मदर म्हणाल्या. "गेटजवळ माळ्याची खोली आहे. माळी गावाला गेलाय तो आलाच नाही. पास्कू तिथं राहील. ताट किचनमधून. ताट पुढे कुणीतरी करायला लागतं ना? ते मी करीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मदर स्वतः त्याला घंटेच्या दोरीपाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "वाजव." पास्कूने दोरीला हात लावला नाही. "शनिवार आहे, मदर. चर्चमधल्या रात्रीच्या मासपर्यंत घंटा मुकी." मदर स्वतःच विसरल्या होत्या. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. मला मात्र तेव्हाच कळलं, की माणूस नोकरीत टिकणार.

ईस्टरच्या दुपारी ताटात परत कस्टर्ड आलं. वॉर्डात सगळ्यांचे घास हातातच थांबले. रोझाबाईंनी चमचा घेतला. आधी स्वतः खाल्लं, मग माझ्याकडे बघितलं आणि मग भावापुढे चमचा धरला. पास्कूने खाल्लं. म्हणाला, "परवाचं सिस्टरबायला आवडलं होतं का?"

मी म्हटलं, "झकास होतं."

त्यानंतर दुखणं वाढलं. मॉर्फिन हे दुखण्यावरचं सगळ्यात मोठं औषध. पण ते श्वासही मंद करतं, म्हणून देण्याआधी पेशंटचा श्वास मोजायचा आणि फार मंद असेल तर डॉक्टरला विचारायचं. रोझाबाईंना पहिला डोस पुरेना. डॉक्टर करंदीकर वाढवायला घाबरायचे. "श्वास थांबला तर मीच मारल्यासारखं होईल." मला वाटलं, मदर म्हणतील, येशूने सोसलं तसं सोस. त्यांच्यात दुःख देवाला वाहायची पद्धत आहे ना.

मदर म्हणाल्या, "वाहायचं असेल तर ती वाहील. तिच्या वतीने तुम्ही वाहू नका. डोस वाढवा."

मला राहवलं नाही. डॉक्टर गेल्यावर विचारलं, "मदर, परवा तुम्ही वाटी ओतून दिलीत. आणि ही सुई? हिनेही दोन दिवस आधी जाईल बाई."

"जाईल कदाचित. ही सुई दुखणं थांबवायला आहे. दुखणं थांबलं आणि बाई जगली, तर आपल्याला आनंदच आहे. त्या वाटीतून पास्कू जगला असता, तर वाटी फुकट गेली असती. कळलं?"

कळलं. नर्सिंग स्कूलमध्ये हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

जायच्या आधी रोझाबाईंनी एकदा मदरचा हात धरला. "तुमची बदली झाली तर? नन्सची बदली होते."

"होते."

"मग?"

मदरने मागे वळून बघितलं. "मग ही आहे ना, कांबळे. ही पण नाही म्हणाली होती. मी पाहिलंय."

मला कुणी विचारलंच नव्हतं! मी हातात बेडपॅन घेऊन उभी. रोझाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेपुढे काय बोलणार? मी परत मान हलवली, या वेळी खालीवर.

रोझाबाई एका दुपारी गेल्या, शांतपणे, पास्कू शेजारी असताना. त्याने त्यांच्या बोटांत माळ नीट गुंडाळली. तेवढ्यात चार वाजले. तो उठला, जाऊन व्हिजिटरची घंटा वाजवली आणि परत येऊन स्टुलावर बसला. मी ड्युटी रूममध्ये जाऊन पोटभर रडले.

पुढे मुंबई महाराष्ट्राला मिळाली आणि त्याच सुमारास मदर मुंबईतून गेल्या. बदली. नवीन मदर आल्या. त्यांचं म्हणणं, घंटा वाजवू दे, पण बायकांच्या आवारात रात्री पुरुष नको. मी त्या संध्याकाळी पास्कूला घेऊन परळला आले. आमची खोली दहा बाय बाराची, माणसं सहा. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"ख्रिश्चन?"

"हो."

"आणि डोक्याने असा?"

"हो."

"आणि आपण आत्ताच कुठे एक धर्म सोडून मोकळे झालो," त्या म्हणाल्या. मग गॅलरीतला कोळशाचा डबा सरकवून त्यांनी चटई अंथरली आणि ताट त्याच्यापुढे धरलं. ते काम त्यांनी नंतर कुणाला करू दिलं नाही.

पास्कू आमच्याकडे राहिला तो शेवटपर्यंत. सकाळी चालत माझगावला जायचा, घंटा वाजवायचा, संध्याकाळी परत. वाटेत मोर्चा लागला की आजूबाजूचेच त्याला बाजूला काढायचे, कारण तोवर परळ ते माझगाव सगळ्या रस्त्याला तो माहीत झाला होता. आमच्या घरात उपास कुणालाच नव्हता. पण गुड फ्रायडेला तो गॅलरीत उपाशी बसलेला असायचा आणि आत घास कुणाच्या घशाखाली उतरायचा नाही. म्हणून तीनपर्यंत आमची चूल पेटत नसे. तो जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सासूबाई पण गेल्या. चूल जाऊन गॅस आला. गुड फ्रायडेला तो मी अजून तीननंतरच पेटवते.

मी नर्सिंगच्या मुलींना शिकवायला लागले तेव्हा त्या विचारायच्या, पेशंटने किंवा नातेवाइकाने मरण मागितलं तर काय म्हणायचं? मी सांगायचे, नाही म्हणायचं. पण मान हलवायच्या आधी घरी एक चटई रिकामी आहे का, ते बघून ठेवायचं.